प्रायर एन्लिस्टेड ऑफिसरांसाठीचं पेड रिटायरमेंट प्लॅनिंग: त्याला अडीच स्टार, आणि फुकटात मिळतं त्याला साडेचार

हा रिव्ह्यू फार थोड्या लोकांच्या कामाचा आहे हे आधीच सांगतो. अमेरिकेत आर्मी रिझर्व्ह किंवा नॅशनल गार्डमध्ये साधा सोल्जर (एन्लिस्टेड) म्हणून भरती झालेली आणि पुढे ऑफिसर झालेली मराठी माणसं असून असून किती असणार, मंडळाच्या गणपतीत एका पंगतीला बसतील एवढी. पण 2009 ते 2016 मध्ये मॅव्हनीतून, म्हणजे ग्रीन कार्ड नसलेल्यांना सैन्यात घेणाऱ्या योजनेतून, आपली बरीच पोरंपोरी हिंदी येते या जोरावर घुसली, युनिफॉर्म घातल्यावर सिटिझनशिप मिळाली, मग काहींनी ओसीएस (ऑफिसर व्हायचा कोर्स) केलं, काहींनी डायरेक्ट कमिशन घेतलं (सिटिझन झाल्याशिवाय ऑफिसर होता येत नाही, म्हणून सगळ्यांचा क्रम हाच). ही सगळी बॅच आता वीस वर्षांच्या लेटरकडे (पेन्शनला पात्र झालात असं सांगणारं पत्र) सरकतेय आणि सगळ्यांच्या फीडवर एकच जाहिरात फिरतेय, मिलिटरी रिटायरमेंट स्पेशालिस्ट, तुमची पेन्शन मॅक्झिमाइज करा वगैरे. मी घेतलं ते पॅकेज. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच कोर्टकचेरी नको, पण सहाशे डॉलर, दोन व्हिडिओ कॉल, शेवटी एक चकचकीत पीडीएफ, एवढ्यावरून घेतलेल्यांना कळेल.

चांगलं आधी सांगतो म्हणजे नुसता शंख केला असं व्हायला नको. टीएसपी (सरकारी नोकरीतलं रिटायरमेंट सेव्हिंग) आणि सिव्हिलियन नोकरीतलं तसंच 401 के यांचं गणित पॅकेजवाल्या बाईंनी फार नीट मांडलं. आपण बहुतेक आयटीवाले, दोन्हीकडे पैसे कापले जातात आणि दोन्हीकडची मिळून लिमिट एकच असते (2025 ला 23,500 डॉलर) हे कित्येकांच्या गावीही नसतं, ड्रिलच्या (महिन्याच्या वीकेंड हजेरीच्या) पगारातून टीएसपी कापायचा टक्का वाढवून ठेवतात आणि वर्षअखेरीला लिमिटच्या वर गेलं की निस्तरत बसतात. एसजीएलआयचं (सैन्यातल्या लाइफ इन्शुरन्सचं) पण छान सांगितलं, की आज स्वस्तात 5 लाख डॉलरचं कव्हर आहे ते युनिफॉर्म उतरला की जातं, नंतर व्हीजीएलआय (बाहेर पडल्यावरचा तसाच इन्शुरन्स) घ्या पण त्याचा हप्ता वयाबरोबर चढत जातो, म्हणून चाळिशीत तब्येत धड आहे तोवर बाहेरचं टर्म इन्शुरन्स बघून ठेवा. मुलीच्या कॉलेजचा हिशोब, घराचं लोन, सगळं टापटीप. हा भाग चार स्टारचा.

पण हे सगळं कुठल्याही बऱ्या फायनान्शियल प्लॅनरकडे मिळतं हो. मी पैसे दिले होते ते मिलिटरी पेन्शनसाठी, त्यातही आधी एन्लिस्टेड आणि मग ऑफिसर, त्यातही रिझर्व्ह, या तिहेरी भानगडीसाठी. आणि नेमकी तिथेच गाडी घसरली.

पहिली गंमत त्यांच्या फॉर्ममध्येच. सर्व्हिस कधी सुरू झाली या रकान्यात त्यांच्या सॉफ्टवेअरने माझ्या सध्याच्या अपॉइंटमेंटची, म्हणजे कमिशनची तारीख उचलली. माझं कमिशन 2018 चं. झालं, सॉफ्टवेअरने मला ब्लेंडेड रिटायरमेंटमध्ये (कमी टक्क्याची नवी पेन्शन सिस्टिम) टाकून दिलं, कारण 1 जानेवारी 2018 पासून जे नव्याने आले ते आपोआप त्यात. अहो पण मी नव्याने आलोच नव्हतो ना! कुठली सिस्टिम लागू होते हे ठरतं माणूस पहिल्यांदा युनिफॉर्ममध्ये आला त्या तारखेवरून, तिला डीमस म्हणतात, आणि ती तारीख ऑफिसर झालो म्हणून बदलत नाही. माझी 2009 ची आहे. तेव्हा आलेल्यांना हाय-थ्री, म्हणजे जुनी सिस्टिम. ज्यांची 2017 च्या अखेरीला 12 वर्षं भरली नव्हती, किंवा रिझर्व्हवाल्यांचे 4,320 पॉइंट (ड्रिल, ट्रेनिंग, अॅक्टिव्ह ड्युटीचे साठत जाणारे गुण) झाले नव्हते, त्यांना 2018 मध्ये ब्लेंडेडमध्ये जायचा चॉइस होता. मी गेलो नव्हतो, विषय संपला.

आता याने फरक काय पडतो ते आकड्यात बघा. रिझर्व्हची पेन्शन म्हणजे सगळे पॉइंट भागिले 360, आली तेवढी वर्षं, गुणिले अडीच टक्के (ब्लेंडेडला दोन टक्के), गुणिले सगळ्यात जास्त बेसिक पे असलेल्या 36 महिन्यांची सरासरी. समजा पॉइंट 3,600 आणि सरासरी 8,000 डॉलर, हे आकडे सोयीसाठी गोल धरलेत. हाय-थ्रीत 25 टक्के म्हणजे महिन्याला 2,000, ब्लेंडेडमध्ये 20 टक्के म्हणजे 1,600. महिन्याला 400 डॉलर, मरेपर्यंत. त्या पीडीएफच्या पहिल्याच पानावर माझी पेन्शन पाचव्या हिश्शाने कमी छापलेली, आणि तेवढा खड्डा भरायचा म्हणून पुढची सहा पानं कुठे किती गुंतवा याची. दाखवून दिल्यावर बाईंनी ताबडतोब दुरुस्त केलं, सॉरी पण म्हणाल्या. पण ज्याला माहीत नसेल त्याने काय करावं?

दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण ती त्यांच्या स्लाइडवर ठळक अक्षरात होती. की ऑफिसर म्हणून दहा वर्षं काढल्याशिवाय ऑफिसरच्या ग्रेडवर रिटायर होता येत नाही, नाहीतर परत सार्जंटच्या पगारावर पेन्शन. हे वाक्य मी बराकीत, चाऊ हॉलमध्ये, ड्रिलच्या शनिवारी इतक्यांदा ऐकलंय की त्याला ब्रह्मवाक्याचा दर्जा आलाय. ते खोटं नाही, पण आपल्यासाठी नाही. तो नियम अॅक्टिव्ह ड्युटीवर सलग नोकरी करून वीस वर्षांनी लगेच पेन्शन घेणाऱ्यांचा. आपण घेतो ती नॉन-रेग्युलर रिटायरमेंट, वीस गुड इयर (किमान 50 पॉइंटचं वर्ष) आणि साठाव्या वर्षी पैसे. तिला दहा वर्षं कमिशन्ड सर्व्हिसची अट नाही. तिथे बघतात ते सगळ्यात वरची ग्रेड तुम्ही समाधानकारकपणे किती काळ सांभाळली ते, मेजरपर्यंत 6 महिने, लेफ्टनंट कर्नल आणि त्याच्या वर 3 वर्षं. म्हणजे सतराव्या वर्षी कमिशन घेतलेला प्लाटून सार्जंट सुद्धा विसाव्या वर्षी ज्या ऑफिसर ग्रेडवर असेल त्या ग्रेडवर रिटायर होऊ शकतो.

माझ्या ओळखीतली एक एडिसनची मुलगी, स्टाफ सार्जंट, उत्तम लीडर, या एका गैरसमजापायी ओसीएसचं पॅकेट भरायचं थांबली होती. मला म्हणाली, दादा, दहा वर्षं कुठून आणू आता? तिला म्हटलं आणायची नाहीतच, भर पॅकेट. बाकी निव्वळ पेन्शनसाठी शेवटच्या दोन-तीन वर्षांत ऑफिसर व्हावं असं मी तरी कोणाला सांगणार नाही. सेकंड लेफ्टनंटचा बेसिक पे मुरलेल्या ई-7 (सीनियर सार्जंट) पेक्षा जास्त असेलच असं नाही, आणि कॅप्टनला दोनदा प्रमोशन नाकारलं की साधारणपणे घरी बसवतात, फक्त 18 गुड इयर झालेले असतील तर वीसपर्यंत सांभाळून घेतात. जे करायचं ते दहा-बाराव्या वर्षापर्यंत करा म्हणजे मेजरपर्यंत जायला वाव राहतो. हे माझं मत, नियम नव्हे.

तिसरी गोष्ट त्यांनी चुकीची सांगितली नाही, विचारलीच नाही. पगाराच्या तक्त्यात ओ-1 ई, ओ-2 ई, ओ-3 ई (सेकंड लेफ्टनंट ते कॅप्टन) असे वेगळे रकाने असतात, आधी एन्लिस्टेड असलेल्यांसाठी. साध्या कॅप्टनचा पगार 14 वर्षांनंतर तिथेच थबकतो, ई वाल्याचा 18 पर्यंत चढतो. पण आधी सोल्जर होतो एवढ्यावर ई मिळत नाही. अॅक्टिव्हवाल्याला एन्लिस्टेड किंवा वॉरंट म्हणून चार वर्षांहून जास्त अॅक्टिव्ह सर्व्हिस लागते आणि आपल्यासारख्याला कमिशनच्या आधी 1,460 हून जास्त पॉइंट. हा आकडा पाठ करा. नुसतं महिन्याचं ड्रिल आणि वर्षाचं ट्रेनिंग करून वर्षाला 78 च्या आसपास पडतात (48 ड्रिलचे, 15 ट्रेनिंगचे, 15 मेंबरशिपचे), त्या वेगाने 1,460 ला जवळजवळ एकोणीस वर्षं लागतील. म्हणजे बेसिक, एआयटी (बेसिकनंतरचं कामाचं ट्रेनिंग), एखादी डिप्लॉयमेंट, मधल्या अॅक्टिव्ह ऑर्डर्स, यातला एकेक दिवस मोजला जायला हवा.

आणि हे कळलं कुठे, तर फुकटच्या ठिकाणी. मी गेलो तेव्हा आर्मी रिझर्व्हच्या चार रेडिनेस डिव्हिजन (आपापल्या भागाचं प्रशासन बघणाऱ्या) होत्या, न्यू जर्सीत 99, साउथ कॅरोलायनात फोर्ट जॅक्सनला 81, विस्कॉन्सिनात फोर्ट मॅकॉयला 88 आणि कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला 63, आणि प्रत्येकीत रिटायरमेंट सर्व्हिसेसचं ऑफिस होतं. गार्डवाल्यांना आपापल्या राज्याच्या हेडक्वार्टरला. प्री-रिटायरमेंट ब्रीफिंग घेतात, नवराबायको दोघांनी या म्हणतात, एक पैसा नाही. पेड कॉलनंतर चिडून मी तिकडे वळलो. ब्रीफ करणारे काका स्वतः रिटायर्ड सार्जंट मेजर, स्लाइड्स म्हणाल तर दिव्य, अक्षरं मुंगीएवढी आणि रंग पोपटी. पण ब्रेकमध्ये मी प्रायर एन्लिस्टेड म्हटल्यावर पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? "कमिशनच्या आदल्या दिवशी पॉइंट किती होते, सर?" टीएसपी नाही, घर नाही, आधी हेच.

5016 काढला. डीए फॉर्म 5016 म्हणजे आपल्या पॉइंटांचा वर्षवार ताळेबंद, गार्डमध्ये त्याला 23 बी म्हणतात. एकेक ओळ म्हणजे आपलं एक रिटायरमेंट वर्ष, ते कॅलेंडरचं वर्ष नाही, भरतीच्या तारखेपासून भरतीच्या तारखेपर्यंत. ओळीत मेंबरशिपचे पॉइंट, ड्रिलचे, कोर्सचे, अॅक्टिव्हचे, आणि शेवटी ते वर्ष गुड धरलं की नाही. 50 ला गुड, 49 ला पाणी. काकांनी पट्टी ठेवून बोटाने एकेक ओळ खाली घेतली, भरतीपासून कमिशनपर्यंत बेरीज 1,431. म्हणजे ई हुकला. मग म्हणाले डीडी 214 (अॅक्टिव्ह सर्व्हिसचा दाखला) दाखवा. ट्रेनिंगच्या 214 वरचे दिवस आणि 5016 च्या पहिल्या ओळीतले अॅक्टिव्ह पॉइंट जुळेनात, 46 दिवस कमी. एआयटीचा शेवटचा तुकडा कुठल्यातरी जुन्या युनिटच्या कपाटात राहून गेलेला. 1,431 अधिक 46, 1,477. कागद जोडून दुरुस्तीला पाठवलं, वेळ लागला पण झालं. सहाशे डॉलरच्या पीडीएफमध्ये 5016 हा आकडा शोधून सापडणार नाही.

म्हणून ज्यांचं कमिशन होतंय त्यांना कळकळीने सांगतो, शपथेच्या आधी 5016 छापून घ्या आणि प्रत्येक ओळ ऑर्डरशी, 214 शी, पे स्टबशी ताडून बघा. एन्लिस्टेडमधून डिस्चार्जची तारीख आणि ऑफिसर म्हणून अपॉइंटमेंटची तारीख लागोपाठ आहेत ना तेही बघा, मध्ये 24 तासांहून जास्त खंड पडला तर तुमचं रिटायरमेंट वर्षच सरकतं आणि अर्धवट वर्षात पॉइंट सांडतात. आणि ऑफिसरची जागा मिळेपर्यंत आयआरआरमध्ये (ड्रिल नसलेल्या राखीव यादीत) जाऊन बसू नका हो, तिथे नुसते मेंबरशिपचे 15 मिळतात आणि ते वर्ष हमखास वाया जातं. बिनपगारी काही काम केलं असेल तर त्याचा 1380 फॉर्म तेव्हाच्या तेव्हा सही करून घ्या, सही करणारा माणूस दोन वर्षांनी कुठे असतो देव जाणे.

ब्रीफिंगमधला सर्व्हायव्हर बेनिफिटचा (आपण गेल्यावर घरच्यांना मिळणाऱ्या पेन्शनचा) भाग बायकोला सगळ्यात आवडला, आवडला म्हणजे घाबरून लक्ष देऊन ऐकला. वीस वर्षांचं लेटर आलं की 90 दिवसांत 2656-5 फॉर्म भरून ए, बी किंवा सी निवडायचं. ए म्हणजे आत्ता काही ठरवत नाही, साठीच्या आधी मेलात तर घरच्यांना यातून काही नाही. बी म्हणजे आधी गेलात तर तुमचं साठावं वर्ष लागलं असतं तेव्हापासून, सी म्हणजे लगेच. लग्न झालेल्याने काहीच भरलं नाही तर आपोआप पूर्ण सी लागतं आणि त्याचा खर्च पुढे पेन्शनमधून वळता होतो, ए किंवा बी घ्यायचं तर जोडीदाराची नोटराइज्ड संमती लागते. मिळणारी रक्कम जास्तीत जास्त 55 टक्के. बायको गाडीत बसल्याबसल्या म्हणाली, अरे हे लेटर आलं की तू ड्रॉवरमध्ये टाकणार आणि विसरणार, मेल माझ्या आयडीवर पण फॉरवर्ड कर. केलं.

पेड वाल्यांनी पेन्शन 58 व्या वर्षापासून धरली होती, ती मात्र बरोबर निघाली, क्रेडिट देतो. 28 जानेवारी 2008 नंतरच्या ठरावीक अॅक्टिव्ह ड्युटीच्या दर 90 दिवसांमागे साठीतून तीन महिने कमी होतात, पन्नासच्या खाली नाही. मोबिलायझेशनच्या 12302 च्या ऑर्डर चालतात, 12301 डी च्या चालतात, नेहमीचं वार्षिक ट्रेनिंग चालत नाही, म्हणून ऑर्डरवर कुठलं कलम छापलंय ते बघायची सवय लावा. फक्त त्यांनी ट्रायकेअर (मिलिटरीचा हेल्थ इन्शुरन्स) पण 58 पासून धरलं, ते नाही. पेन्शन लवकर आली तरी रिटायरीचं ट्रायकेअर साठालाच. मधल्या काळात ट्रायकेअर रिटायर्ड रिझर्व्ह विकत घेता येतं पण त्याचा हप्ता ऐकून ड्रिल करत असतानाच्या ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्टची फार आठवण येते. अजून एक, वीस झाल्यावर वैतागून डिस्चार्ज घेऊ नका, रिटायर्ड रिझर्व्हमध्ये ट्रान्सफर घ्या. ट्रान्सफर घेतली तर साठीपर्यंत वर्षं मोजली जात राहतात आणि पेन्शन त्या वेळच्या पगाराच्या तक्त्यावर निघते, डिस्चार्ज घेतला तर सगळं तिथेच गोठतं. चाळिशी-पंचेचाळिशीत बाहेर पडणाऱ्यासाठी हा मामुली फरक नाही.

आता एक मुद्दा जो ना पेड वाल्यांना ठाऊक ना काकांना, आणि तो फक्त आपल्यासाठी. आपल्यातले निम्मे म्हणतात की रिटायर झालो की पुण्यात फ्लॅट आहेच, जाऊन राहू. बाबांनो, भारत सरकारचा नियम असा की परदेशी सैन्यात नोकरीत असलेल्याला किंवा तिथून रिटायर झालेल्याला ओसीआय कार्ड मिळत नाही. म्हणजे ज्या कार्डावर बाकीचे अमेरिकन सिटिझन झालेले भारतीय आयुष्यभर ये-जा करतात ते आपल्याला नाही, व्हिसा काढूनच जायचं. पेन्शन तिकडेही मिळते, ट्रायकेअर परदेशातही चालतं, 65 नंतर मेडिकेअर पार्ट बी चे पैसे मात्र भरत राहावे लागतात जरी मेडिकेअर स्वतः भारतात दमडी देत नसलं तरी. पण माणूसच व्हिसावर असेल तर कायमचं जायचं नियोजन वेगळं करावं लागतं. आईवडिलांसाठी सहा-सहा महिने जाऊन राहायचं स्वप्न असेल तर हे आत्ताच डोक्यात घ्या, फ्लॅटचं इंटीरियर करायच्या आधी.

तर रेटिंग. पेड पॅकेज, ज्यांना टीएसपी-401 के-इन्शुरन्स यातलं ओ की ठो कळत नाही आणि वाचायचा कंटाळा आहे त्यांनी घ्यावं, पण मिलिटरी पेन्शनचं पान त्यांच्याकडून घेऊ नये. फुकटच्या ब्रीफिंगला साडेचार, अर्धा त्या पोपटी स्लाइड्सचा कापला. जाताना 5016, सगळे 214, कमिशनची ऑर्डर आणि बायको किंवा नवरा, एवढं बरोबर न्या, आणि ब्रेकमध्ये डोनटच्या रांगेत न जाता ब्रीफ करणाऱ्याला गाठा, खरं ब्रीफिंग तेव्हाच होतं.

अपडेट: पेड वाल्या बाईंचा मेल आला. दहा वर्षांची स्लाइड काढली म्हणे, आणि फॉर्ममध्ये पहिल्या भरतीची तारीख असा वेगळा रकाना टाकलाय. पैसे परत देणार का यावर काही उत्तर नाही. दोनाचे अडीच केले ते या मेलमुळे.